टेबलाच्या उंचीवरचा हात

रक्तदाब मोजण्याच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खुर्ची पहिल्याच पानावर येते. माणसाला पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवायचं. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. हात टेबलावर, छातीच्या पातळीत, खालून आधार दिलेला. पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, बोलायला लावायचं नाही. मग दंडाला पट्टा बांधायचा आणि एकदा नाही, दोनदा मोजायचं. यातली प्रत्येक गोष्ट ठिकठिकाणी तपासून, पडताळून पाहिलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपकेंद्रांपर्यंत ती कशी पोचवायची, एवढाच आमच्या कामाचा भाग होता.

आमचा गट लहान होता. त्याआधीची बरीच वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या कापण्यात घालवली होती. इथं मी मार्गदर्शक सूचना कापत होते. जाडजूड दस्तऐवजातून जिल्ह्याच्या आरोग्य समितीसाठी टिपण काढायचं, आणि त्याच दस्तऐवजातून सिस्टरसाठी भिंतीवर लावण्याजोगा मजकूर. निर्णय समितीचा. समितीचे अध्यक्ष निवडून आलेले, स्वतः बागायतदार, बोलायला मोकळे, पण फार वेळ बसून न राहणारे. टिपण हातात घेतलं की ते आधी शेवट वाचत.

"ताई, यातलं मी काय करायचंय तेवढं सांगा."

"खुर्च्या द्यायच्या. प्रत्येक उपकेंद्राला एक. पाठीची, हाताची."

"एवढंच?" त्यांनी बाकीच्यांकडं बघितलं. "लोक रस्ता मागतेत, पूल मागतेत. खुर्ची मागणारं खातं पहिल्यांदा बघितलं. खुर्ची तर आमी मागतो."

सगळे हसले. ठराव मंजूर झाला. सुरुवात भूम तालुक्यापासून करायची, तिथं नीट चाललं तर बाकीच्या तालुक्यांत, असं ठरलं. आधी गरोदर बायका घ्यायच्या, कारण गरोदरपणात रक्तदाब वाढला आणि तो कळला नाही तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. हेही टिपणात होतं.

खुर्च्या पोचल्याचं कळल्यावर अध्यक्षांनी स्वतः एक उपकेंद्र बघायचं ठरवलं. भूमपासून आत असलेलं एक गाव निवडलं. तुरी काढणीला आल्या होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. गाडीत अध्यक्ष, तालुक्याचे आरोग्य अधिकारी आणि मी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मोटरसायकलवर आधीच येऊन थांबल्या होत्या. वयानं लहान, नोकरीचं दुसरं वर्ष.

उपकेंद्र दोन खोल्यांचं. त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती. भिंतीवर आमचा तक्ता लावलेला होता: खुर्चीत बसलेल्या बाईचं चित्र, शेजारी पाच ओळी. तक्त्याच्या बरोबर खाली नवी खुर्ची. तिच्या पाठीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. आणि खुर्चीत गावचे माजी सरपंच बसलेले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांची सून तपासणीला आली होती, आणि अध्यक्ष येणार म्हणून तेही आले होते.

अध्यक्षांना बघून आबा उठायला लागले. अध्यक्षांनी त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना परत बसवलं.

"बसा आबा. तुमच्यापुढं आमी काय बसावं?"

"न्हाय न्हाय, तुमी पाहुणे."

बरंच आग्रहाचं झाल्यावर शेजारच्या शाळेतून खुर्च्या आल्या. खोलीत आता अशी मांडणी झाली: नव्या खुर्चीत आबा, शाळेच्या खुर्च्यांवर अध्यक्ष, अधिकारी आणि मी, टेबलामागं तिच्या नेहमीच्या खुर्चीवर सिस्टर. बायका सतरंजीवर. सगळ्यांचे पदर डोक्यावर. पहिली बाई उठली, टेबलाजवळ आली आणि टेबलाच्या पायाशी खाली बसली. तिथूनच तिनं उजवा हात वर केला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. सिस्टरनं पट्टा बांधला, मशीनचं बटण दाबलं, आकडा वाचला, लिहून घेतला. बाई सतरंजीवर गेली. दुसरी आली. खाली बसली. हात वर केला.

"शिस्त छान आहे," अध्यक्ष म्हणाले.

तक्त्यातली ओळ पाळली जात नव्हती, हे दिसत होतं. बातमी म्हणून ते तेवढंच होतं: खुर्ची दिली, वापर नाही. पण तिसरी बाई बसल्यावर माझं लक्ष हातावर गेलं. तिचा दंड तिच्या कानाच्या रेषेत होता. सूचनांमध्ये या गोष्टीवर वेगळा परिच्छेद आहे. हात छातीच्या पातळीपेक्षा खाली लोंबला तर आकडा खराहून जास्त येतो. वर धरला तर कमी.

मी शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांना हळू आवाजात विचारलं, "हात एवढा वर असेल तर चालतं का?"

त्या मशीनच्या आकड्याकडं बघत होत्या. मग त्यांनी हाताकडं बघितलं. पुढच्या बाईचा नंबर होता, ती आबांची सून. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. खाली बसताना तिनं एक हात भिंतीला लावला. पायाच्या बोटांवर जोडव्यांचे वळ होते, जोडवी नव्हती. पावलं सुजली होती.

सिस्टरनं आकडा सांगितला. "एकशे चौतीस, श्याऐंशी. नॉर्मल."

"मागच्या टायमाला बी नॉर्मलच व्हतं," आबा अध्यक्षांना म्हणाले.

"सिस्टर, यांचं परत बघू," डॉक्टर म्हणाल्या. "खुर्चीवर बसवून."

सिस्टर थांबली. तिनं आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग खुर्चीकडं, म्हणजे आबांकडं. तिची नोकरी या गावात डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासूनची. आवाज तिनं खालीच ठेवला. "म्याडम, वर बसत न्हाईत त्या. म्या काय वडून बसवू का?"

आबांनी ऐकलं. ते उठून उभे राहिले आणि खुर्ची पुढं सरकवली. "बस की गं. म्या कुठं न्हाय म्हणलो?"

सून उठली नाही. "मी हितंच बरी हाय, मामा."

"आगं डाक्टरीणबाई म्हणायल्यात."

"हितंच बरी."

तिनं पदर आणखी पुढं ओढला. परवानगी मिळाली होती, पण परवानगी देणारा समोर उभा होता, आणि त्याच्या मागं तीन अनोळखी माणसं बसलेली होती. खोलीतल्या बाकीच्या बायका जमिनीकडं बघत होत्या. सासू दाराशी बसली होती.

डॉक्टर अध्यक्षांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुम्ही सगळे थोडा वेळ बाहेर बसाल का?"

अध्यक्षांना हे नवीन होतं. ते तपासणी बघायला आले होते, आणि तपासणीसाठीच त्यांना बाहेर जायला सांगितलं जात होतं. अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. मग अध्यक्ष उठले. "चला आबा, चहा घेऊ. इथं आपला उपेग न्हाय."

पुरुष बाहेर गेले. दार लोटलं गेलं. मी आत थांबले, कुणी जा म्हणालं नाही. सून तरीही खाली बसलेली होती. तिची नजर आता सासूकडं होती.

सासू म्हणाली, "बस गं बाई. कोन बघायलंय?"

तेव्हा ती उठली आणि खुर्चीच्या काठावर बसली. डॉक्टरांनी तिला मागं सरायला लावलं, पाठ टेकायला लावली. पाय नीट जमिनीवर. हात टेबलावर, खाली घडी घातलेला टॉवेल. मग पाच मिनिटं काही करायचं नव्हतं. खोलीत पाच मिनिटं न बोलता बसणं कुणालाच जमत नव्हतं. सिस्टर कपाटातल्या गोळ्यांच्या पट्ट्या सारख्या करत होती. बाहेरून अध्यक्षांचं हसणं ऐकू येत होतं. सासूनं दोनदा काहीतरी विचारायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं.

मशीनवर आकडा आला: एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव. डॉक्टरांनी पट्टा सोडला, थांबल्या, परत बांधला. एकशे चोपन्न, अठ्ठ्याण्णव.

"मशीन बिघडलंय का?" सिस्टर म्हणाली.

"तुमच्या दंडाला लावा." डॉक्टरांनी त्याच मशीनवर सिस्टरचं बघितलं. ते ठीक होतं. लघवी तपासायची पट्टी काढली. तिचा रंग बदलला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती.

डॉक्टर सुनेजवळ उकिडव्या बसल्या. "डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं काही दिसतं?"

मग ती सासूकडं न बघता म्हणाली, "डोकं चार दिस झाले दुखतंय. सकाळी उठलं की डोळ्यांपुढं चांदण्या येतेत."

"आगं, मग सांगायचं न्हाईस?" सासू म्हणाली.

"उद्या जेवण हाय. घरात येवढी गडबड. तुमीच म्हणला, पहिल्या खेपंला आसंच व्हतंय."

दुसऱ्या दिवशी तिचं डोहाळजेवण होतं. उमरग्याकडून माहेरची माणसं यायची होती. जेवण झालं की तिला माहेरी नेणार होते, बाळंतपण तिकडंच. हिरवी साडी आणलेली होती, स्वयंपाकाला बायका सांगितल्या होत्या. हे सगळं सासूनं डॉक्टरांना सांगितलं, आणि सांगता सांगता ती स्वतःच थांबली. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं: आजच धाराशिवला, स्त्रियांच्या रुग्णालयात. रक्तदाब वाढत गेला तर झटके येऊ शकतात. मग तिचंही काही खरं नाही, बाळाचंही नाही. बाळ लवकर काढावं लागलं तर लहान बाळांचा कक्ष लागेल, तो तिथं आहे.

डॉक्टर बाहेर आल्या. ओट्यावर चहा चालला होता. त्यांनी आबांना सांगितलं.

आबांनी पेला खाली ठेवला. "पंधरा दिसामागं हितंच बघितलं, ठीक व्हतं. आत्ता घटकाभरामागं ठीक व्हतं. आन खुर्चीत बसली की बीपी वाढलं?"

"खुर्चीत बसलं की समद्यांचंच वाढतंय आबा," अध्यक्ष म्हणाले.

एकदोघं हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी परत समजावलं: आधीचा आकडा खोटा कमी येत होता, हात वर असल्यामुळं. आबांना ते पटलं नाही आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते पटण्यासारखं नव्हतंही. एकच बाई, एकच मशीन, एकच सकाळ. दोन आकडे. त्यातला बरा आकडा सरकारी सिस्टरनं काढलेला आणि वाईट आकडा बाहेरच्या माणसांनी. तक्ता, खुर्ची, समिती हे सगळं त्यांना एका बाजूला दिसत होतं आणि उद्याची पंगत दुसऱ्या बाजूला.

"परवा नेतो," ते म्हणाले. "उद्याचं जेवण हू द्या. पाहुणे निघालेत तिकडून."

माझी नजर अध्यक्षांवर होती. ते बोलले असते तर आबांनी ऐकलं असतं. पण या गावातली मतं आबांच्या शब्दावर फिरत, हे अध्यक्षांना माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण त्यांनाही होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. अधिकारी म्हणाले की रुग्णवाहिका बोलावून ठेवू, मग ठरवू. फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन परंड्याच्या बाजूला गेलेली होती, यायला वेळ लागणार होता. डॉक्टर आत जाऊन गोळी देऊन आल्या, फोनवर वरिष्ठांशी बोलल्या, परत ओट्यावर आल्या. परत आत गेल्या. कुणीच एका जागी थांबत नव्हतं, आबा सोडून.

मग सासू दारात आली. आबांशी ती चारचौघांत बोलत नसावी. ती अध्यक्षांशी बोलली.

"भाऊ, तुमची गाडी द्या."

"आगं पर उद्याचं—" आबा म्हणाले.

"जेवाण तिथं घालू." ती अजूनही अध्यक्षांकडंच बघत होती. "पोरगी चार दिस झाले चांदण्या बघायलीय आन मी तिला पुरण वाटायला लावलंय. गाडी द्या भाऊ."

अध्यक्ष लगेच उठले. ड्रायव्हरला हाक मारली, मागची सीट रिकामी करायला लावली. मला त्यांच्या हालचालीत सुटका दिसली. निर्णय त्यांच्याकडं आला होता, पण तो दुसऱ्यानं घेऊन दिलेला होता. सून डाव्या कुशीवर आडवी झाली, डोकं सासूच्या मांडीवर. डॉक्टर पुढं बसल्या. गाडी गेली.

आबा ओट्यावर तसेच बसून होते. मग म्हणाले, "पाहुण्यांना फोन लावा कुणीतरी. मला ते लावता येत न्हाय."

आम्ही तिथंच अडकलो. गाडी नव्हती आणि भूमला जाणारी एसटी दुपारनंतर होती. अध्यक्ष ओट्यावरून खाली, खालून ओट्यावर फिरत होते. दर थोड्या वेळानं ड्रायव्हरला फोन. येरमाळा सोडलं. येडशी गेली. मध्येच फोन लागेना, तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांचा फोन घेऊन लावून बघितला. आत सिस्टरनं उरलेल्या बायकांचं परत मोजायला घेतलं होतं, या वेळी दार लावून. तिनं मला आत बोलावलं नाही. काही वेळानं बाहेर येऊन तिनं अधिकाऱ्यांना विचारलं, "माझ्या नोंदी चुकीच्या धरणार का, साहेब?"

"बघू," अधिकारी म्हणाले.

"म्या आकडा बदलला न्हाय कधी. जो आला तो लिवला."

हे खरं होतं. आणि त्यातच अडचण होती.

धाराशिवला पोचल्यावर तिला दाखल करून घेतलं गेलं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांचा निरोप आला: आकडा खाली येतोय, पण घरी सोडणार नाहीत.

समितीची बैठक त्यानंतर काही दिवसांनी झाली. तोवरचे दिवस मी आदेशाचा मसुदा लिहिण्यात आणि खोडण्यात घालवले. बातमीत काय झालं ते लिहायचं असतं. आदेशात काय होईल ते लिहायचं असतं, आणि ते कोण कसं वाचेल याचा भरवसा नसतो. खुर्ची द्या, असं लिहिलं होतं. खुर्ची गेली होती, आणि गावातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला मिळाली होती. लिहिणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. गावकऱ्यांचंही नाही.

नव्या मसुद्यात ओळ घातली: गरोदर महिलांच्या तपासणीच्या वेळी खोलीत कुटुंबातील पुरुष व पाहुणे थांबणार नाहीत.

"पाहुणे म्हणजे आम्ही का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"समितीनं ठराव करून समितीलाच बाहेर काढायचं." पण ते चिडले नव्हते.

अधिकाऱ्यांचा आक्षेप वेगळा होता. मूळ सूचनांमध्ये पुरुषांना बाहेर काढा असं कुठंही लिहिलेलं नाही. आपण पदरचं घालतोय. यावर डॉक्टर म्हणाल्या की मूळ सूचना जिथं लिहिल्या गेल्या तिथं खुर्ची दिसली की माणूस बसतो. तिथं हे लिहायची गरज पडली नाही. सूचना हाताची पातळी सांगते. ती पातळी इथं कशानं येईल ते आपण सांगायचं.

सिस्टरलाही बोलावलं होतं. ती शेवटच्या रांगेत बसली होती. तिला विचारल्यावर ती म्हणाली, "गडी मान्सं जातील बाहीर. सासूचं काय? सासूपुढं बी काही जणी बसत न्हाईत. आबांची मालकीण म्हणली म्हणून सून बसली. समद्या सासवा म्हणतील व्हय?"

सासूलाही बाहेर काढलं तर पुढच्या वेळी सून तपासणीला येणारच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मग सासूला आधी बसवा की. तिचं बी बघा. ती खुर्चीवरून उठली की सुनेला म्हणंल, आता तू बस. पहिला मान तिचा."

मग डॉक्टर म्हणाल्या, "हे होऊ शकतं. त्या वयातल्या बायकांचंही मोजायचंच आहे." ओळ मसुद्यात गेली. त्याखाली आणखी एक: तरीही कुणी वर बसलीच नाही, तर तिची पाठ भिंतीला टेकवायची, सिस्टरनं खाली बसायचं, हात गोधडीच्या घडीवर छातीच्या पातळीत ठेवायचा, आणि खाली बसून मोजल्याचं नोंदवायचं.

शेवटचा मुद्दा जुन्या आकड्यांचा होता. तालुक्यात आधीच नॉर्मल ठरलेल्या गरोदर बायका घरोघरी होत्या. त्यांच्यातल्या कितीजणींचे हात टेबलावर चढवलेले होते हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्या सगळ्यांचं परत मोजायचं का?

"म्हणजे आधीचं चुकलं असं आपणच लिहून द्यायचं," अधिकारी म्हणाले.

सिस्टरनं मान वर केली.

"चुकलं असं लिहायची गरज नाही," मी म्हणाले. "सर्व गरोदर महिलांचा रक्तदाब नव्या पद्धतीनं पुन्हा मोजावा. एवढंच."

"कधीपर्यंत?"

"या आठवड्यात."

अध्यक्षांनी मसुदा स्वतःकडं ओढला. "तिचं कसंय? आबांच्या सुनेचं?"

"दाखल आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आकडा वरखाली होतोय."

त्यांनी सही केली. आदेश भूम तालुक्यापुरता होता. बाकीच्या तालुक्यांचं भूमचा अहवाल आल्यावर ठरणार होतं.

डोहाळजेवण वॉर्डातच झालं. मी त्या दिवशी धाराशिवला होते म्हणून गेले. घरच्यांपैकी दोघींनाच आत सोडलं होतं, सासू आणि तिची आई. हिरवी साडी गाऊनवरूनच गुंडाळली होती. ताटात सगळं थोडं थोडं होतं, आणि सगळं बेचव, कारण सासूनं मिठाचं काहीतरी ऐकलं होतं आणि मीठ घालणंच बंद केलं होतं. "आळणी डोहाळजेवान," आई म्हणाली. "माझ्या लेकीच्या नशिबी." सून हसली. तिच्या दंडावर पट्ट्याचा वळ होता. आबा खालच्या आवारात बसून होते, वर पुरुषांना सोडत नव्हते. मी निघाले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आज किती आलं?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. तो जास्त की कमी हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना आता कळत होतं.

महिनाभर तिला तिथंच ठेवलं. मग एका दुपारी आकडा गोळ्यांना दाद देईना, तेव्हा ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी. लहान होती, लहान बाळांच्या कक्षात राहिली, मग आईच्या छातीवर. दोघी टिकल्या. टाक्यांची आणि वजनाची काळजी संपल्यावर त्यांना उमरग्याकडं माहेरी नेलं.

बाळंतपणानंतर रक्तदाब आपोआप उतरतोच असं नाही. काही आठवडे तो मोजत राहावा लागतो, हेही सूचनांमध्ये आहे. म्हणून मी तिला फोन केला.

"तिकडची सिस्टर येती का?"

"येती की. काल आलती."

"कसं मोजलं? खुर्चीवर बसून?"

"मग?" पलीकडून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. "बापाचं घर हाय, ताई. हितं कुणाला भिऊ? बाप खाली बसलाय आन म्या खुर्चीवर. त्यो म्हणतोय, लई झाला तुझा रुबाब."

"किती आलं?"

"एकशे चाळीसच्या आत हाय म्हणली. गोळी बंद करू नगा म्हणली."

"सासरी कधी जायचं?"

"सव्वा महिना झाला की मामा येतेत न्यायला." मग तिनंच विचारलं. "तिकडं आता बाहीर बसवतेत न्हाय समद्यांना?"

मी आदेश काढून बघितला. तो पाठ होता, तरी बघितला. प्रत्येक ओळीत गरोदर महिला असा शब्द होता. बाळंतीण कुठंच नव्हती. ती सासरी गेली की सिस्टर घरी जाईल, ओसरीवर आबा असतील, आणि ती जोत्याखाली बसून हात वर करील. आदेशाप्रमाणं त्यात काहीच वावगं नसेल.

"गरोदर बायकांना तपासताना बसवतात," मी म्हणाले. "तुझ्यासाठी अजून लिहिलेलं नाही. तू सिस्टरला सांगशील का, मामांना थोडा वेळ बाहेर बसवा म्हणून?"

ती हसली. मग हसणं थांबलं. "मामांना बाहीर जा म्हणायचं? आन त्यास्नीच कळलं, म्या म्हणले म्हणून? न्हाय व्हायचं ताई. तुमीच लिवा."

त्याच दिवशी मी अध्यक्षांना फोन लावला. ते एका लग्नात होते, मागं वाजंत्री.

"आदेशात दुरुस्ती हवी आहे. बाळंतिणींनाही लागू करायचा."

"ताई, सहीची शाई वाळली न्हाय अजून. अहवाल येऊ द्या. मग एकदमच करू."

"अहवालाला दोन महिने लागतील."

"मग?"

"आबा सव्वा महिन्याला न्यायला जाणार आहेत."

वाजंत्री चालू होती. ते थोडे बाजूला गेले असावेत, आवाज कमी झाला. "हे तिच्यासाठी करायचं का सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी. घाई तिच्यासाठी."

"पाठवा," ते म्हणाले. "आजच पाठवा. उद्या मी गावाला जातोय."

दुरुस्तीचा मसुदा संध्याकाळी गेला. तो अधिकाऱ्यांकडं अभिप्रायाला पाठवला आहे, असं दोन दिवसांनी कळलं. अभिप्राय अजून आलेला नाही. मी रोज विचारते. सिस्टरशी बोलले. ती म्हणाली, कागद आला तर आबांना दाखवीन, कागदाशिवाय माझं ऐकणार न्हाईत. आबांनी शुक्रवारी निघायचं ठरवलं आहे, शनिवारी ते तिला आणि नातीला घेऊन परत येतील.